नाव ठेवणारा कोण, नाव वागवणारा कोण?

आमच्या मराठी भाषेने 'नाव' ह्या एका शब्दाकडून किती कामे करून घेतली आहेत पाहा. पोराने पराक्रम केला तर त्याने बापाचे नाव काढले. दिवाळे काढले तर नाव बुडवले. नवी नवरी उखाण्यात नाव घेते. भावाभावांत बांधावरून वितुष्ट आले म्हणजे ते एकमेकांचे नाव टाकतात. बारशाला आत्या पोराचे नाव ठेवते, आणि तेच पोर मोठे झाले म्हणजे सारा गाव त्यास नावे ठेवतो. 'नाव ठेवणे' म्हणजे माणसास जगात ओळख देणे. 'नावे ठेवणे' म्हणजे त्याची निंदा करणे. दोहोंत फरक काय तो एका मात्रेचा. ह्या एका मात्रेविषयी आज आम्हास चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण आमच्या खेड्यापाड्यांत टोपणनावांची जी जुनी रीत आहे ती ह्याच मात्रेवर तोललेली आहे.

ही रीत मुळात वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट ती गरजेतून उपजली. ज्या गावात पाच तुकाराम, सात मारुती आणि प्रत्येक आळीत एक ज्ञानू, तेथे हाक कोणास मारली हे कळावे कसे? मग गाव आपली युक्ती लढवतो. गिरणीत चार वर्षे काढून परतलेला 'मुंबईकर', तालमीत दोन महिने घुमलेला जन्माचा 'पैलवान', पलटणीतून आलेला 'फौजी', 1972 च्या दुष्काळात जन्मलेला 'दुष्काळ्या'. जो उंच तो 'ताडमाड', आणि जो काडीपैलवान त्यास मुद्दाम 'भीम'. ह्या नावांत गावाची विनोदबुद्धी आहे, पारख आहे, आणि गावाचा लहानसा इतिहासही आहे. शिक्षण नव्हते तेव्हासुद्धा आमच्या लोकांना शब्द जोडण्याची कला होती, ह्याचा हा रोकडा पुरावा आहे.

आज ज्यांस आपण आडनावे म्हणतो त्यांतील कितीएक अशीच उपजली. काळे, गोरे, बोबडे, बहिरे, टकले, वाघमारे, दहिभाते, भाजीभाकरे, आगलावे, पोटदुखे ही नावे कोणा ऋषीने दिलेली नाहीत. कोणा खापरपणजोबाचे पोट एकदा चावडीवर दुखले असेल, आणि ते दुखणे सात पिढ्यांच्या सात-बारावर चढून बसले! ज्याच्या वाट्यास असे आडनाव आले त्याने लाजण्याचे कारण नाही. ते त्याच्या गावाने ठेवले, आणि ज्याने ते पहिल्यांदा वागवले तो त्याच गावाचा भाऊबंद होता.

टोपणनाव मानाने वागवले तर ते किती थोर होते ह्याचे दाखले आमच्याच घरचे आहेत. सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या गोऱ्हे घराण्यातील माणसे पुण्यास आली आणि पेशव्यांकडे फुले पुरवू लागली. लोक त्यांस धंद्यावरून 'फुले' म्हणू लागले. धंद्यावरून पडलेले ते नाव जोतीरावांनी असे वागवले की आज गोऱ्हे हे नाव शोधावे लागते आणि फुले हे नाव पोरासोरांच्या तोंडी आहे. त्यांस 'महात्मा' ही पदवीसुद्धा कोणा सरकारने दिली नाही. 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात जमलेल्या लोकांनी दिली. दुसरा दाखला डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा. अमरावतीकडच्या शेंडगावी 1876 साली जन्मलेला हा परीट समाजातील पुरुष हाती मातीचे गाडगे घेऊन फिरे, त्यातच भाकरी खाई, त्यातूनच पाणी पिई. लोकांनी त्यांस 'गाडगेबाबा' म्हटले. पुढे 2000-01 साली राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने निघाले, आणि 2005 साली अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. एका फुटक्या गाडग्याचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर चढले! तिसरा दाखला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा. 1943 ते 1946 ह्या काळात सातारा भागात लोकांनी आपला कारभार आपण चालवला. त्याचे पुस्तकी नाव 'प्रतिसरकार'. पण गावगुंडांच्या आणि खबऱ्यांच्या पायांस पत्रे ठोकण्याची वार्ता गावोगाव पसरली आणि लोकांनी त्यास 'पत्री सरकार' म्हटले. आज तेच नाव लोकांच्या ओठांवर आहे.

तर टोपणनाव वाईट नव्हे. मग खोट कोठे आहे?

खोट येथे आहे. गावातील मोठ्या माणसासही टोपणनाव असते. सावकारास असते, पाटलास असते, हल्लीच्या पुढाऱ्यासही असते, आणि बहुधा ते मोठे झोंबरे असते. पण ते कोठे उच्चारले जाते? पाणवठ्यावर, भांगलणीच्या पातीत, रात्री शेकोटीभोवती. तो समोरून आला की सगळे गप्प होतात आणि "रामराम, आण्णा" म्हणतात. गरिबाचे टोपणनाव मात्र भर चावडीवर, भर बाजारात, त्याच्या बायकापोरांदेखत त्याच्या तोंडावर फेकले जाते, आणि त्यास वर हसावे लागते. मोठ्याचे नाव पाठीमागे, लहानाचे तोंडावर. ज्यास गंमत गंमत म्हणतात तिच्यातले गुपित हेच आहे. दोन मित्र एकमेकांस "काय रे ठेंगू" आणि "काय रे काळतोंड्या" म्हणतात तेथे हिशेब फिटतो. जेथे एकानेच म्हणावयाचे आणि दुसऱ्याने ऐकून घ्यावयाचे तेथे ती वेठ आहे. अंगाची वेठ कायद्याने बंद झाली. ही जिभेची वेठ अजून चालू आहे.

वाचकहो, एक साधे नाव घ्या. राम. देवाचे नाव, त्यात भेद तो काय असावयाचा? पण आमच्या समाजाने त्याची शिडी केली आहे. सर्वांत वर 'रामचंद्रपंत'. त्याखाली 'रामराव' आणि 'रामभाऊ'. त्याखाली 'रामजी'. त्याखाली 'रामा'. आणि तळाला, जेथे गोठ्यातले शेण काढावयाचे आहे तेथे, 'राम्या'. पाळण्यात साऱ्याच पोरांच्या कानांत एकच नाव सांगितले होते. कोणते शेपूट लागणार हे जमिनीने आणि जातीने ठरवले. बायांचेही तसेच. वाड्यावरची 'गंगाबाई', मळ्यातली 'गंगू' आणि मोलाने येणारी 'गंगी'. ह्याच शिडीला दुसरी एक शिडी टेकलेली आहे, ती अहो-जाहोची आणि अरे-तुरेची. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या सालगड्यास बारा वर्षांचे पोर "ए राम्या, इकडे ये" म्हणते, आणि म्हातारा त्या पोरास "आलो, धाकलं मालक" म्हणतो. हे दृश्य अनेक गावांतून गेले, त्याबद्दल आम्हास आनंद आहे. पण सगळ्याच गावांतून गेले असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

ही शिडी आपोआप उभी राहिली नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवण्याचा कायदाच सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे नाव किळस यावी असे असावे. त्याच्या नावास जे जोडावयाचे तेही चाकरी दाखवणारे असावे. म्हणजे पोर अजून पाळण्यात आहे, त्याने काही गुन्हा केलेला नाही, अजून त्यास दातही आलेले नाहीत, आणि त्याच्या नावात घाण घालण्याची आज्ञा निघाली! ज्याने रोज स्वतःचे नाव ऐकावे आणि प्रत्येक वेळी मान खाली घालावी, तो हक्क मागावयास कशाला उभा राहील? नावातच त्याचा कणा मोडून ठेवण्याची ही तजवीज होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने ह्या ग्रंथाची होळी झाली. पोथी जळाली, हे फार चांगले झाले. परंतु तिच्यातील हे कलम आम्ही आमच्या जिभेवर जपून ठेवले आहे, आणि दुःखाची गोष्ट ही की ते जपणारे आता सगळेच भटजी नाहीत. शेतकरी सुतारास नाव ठेवतो, सुतार परटास ठेवतो, परीट आणखी कोणास ठेवतो. वरून आलेला गोटा प्रत्येकाने खालच्याच्या अंगावर ढकलावयाचा, हाच तर त्या पोथीचा खरा विजय आहे.

कारागीर बंधूंची कथा तर वेगळीच आहे. त्यांस टोपणनावसुद्धा लाभले नाही. त्यांच्या हत्यारासच हाक मारली गेली. "ए सुतारा, औत भर." "ए कुंभारा, मडकी केव्हा आणतोस?" "न्हाव्यास सांगावा धाडा." ज्या माणसाने गावाच्या तीन पिढ्यांची औते भरली, ज्याच्या हातच्या मडक्यातले पाणी सारा गाव प्यायला, त्याचे स्वतःचे नाव काय हे निम्म्या गावास त्याच्या दहाव्याला कळते! बलुतेदारीच्या दिवसांत ह्याचा एक उघड फायदा घेणाऱ्यास होत असे. ज्यास नाव नाही त्याच्या नावाचे खातेही नाही. खळ्यावर पसा-मूठ टाकली की झाले. किती कामे केली, किती धान्य बाकी राहिले, ह्याचा हिशेब कोणाच्या नावावर मांडावयाचा? आज बलुते बहुतेक गावांतून उठले, कारागीर रोख पैसे घेतो, दुकानावर पाटी लावतो. त्या पाटीवर त्याने आपले पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहावे आणि गावाने त्यास त्या नावाने हाक मारावी. एवढ्याने त्याच्या पोराची मान दोन बोटे वर होईल.

एखाद्या माणसास नाव चिकटते तसे एखाद्या सबंध जमातीसही चिकटते. 'कानफाट्या' एकदा नाव पडले की पडलेच, असे आपण म्हणतो. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कित्येक भटक्या जमातींस एकगठ्ठा 'गुन्हेगार' हे नाव दिले. माणूस जन्मला तो गुन्हेगार म्हणूनच. हजेरी द्यावयाची, तारेच्या कुंपणात राहावयाचे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, आणि त्या जमातींस 'विमुक्त' हे नवे नाव मिळाले. कागदावरचा डाग पुसला गेला. पण आजही गावाबाहेर अशा लोकांची पाले पडली आणि त्या रात्री कोणाची कोंबडी गेली, तर पहिले बोट कोणाकडे जाते? तेव्हा कायदा रद्द होऊन कितीही वर्षे लोटली तरी नावाचा कायदा लोकांच्या तोंडात असतो, आणि तो तेथूनच रद्द करावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, "धोंडू, दगडू, केरबा, भिकू, कचरू ही नावे तर आमच्याच आयाबायांनी आपल्या पोटच्या पोरांस ठेवली. मग दोष दुसऱ्यास कशाला?" शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सरळ दिले पाहिजे. ज्या घरात तीन पोरे पाठोपाठ देवीने, तापाने, हगवणीने गेली, तेथे चौथ्यास आई दगड म्हणे, केर म्हणे, का? तर मृत्यूची नजर पडू नये, त्यास वाटावे की ह्यात नेण्याजोगे काही नाही. ते नाव वरून ओंगळ आणि आतून मायेचे होते. ती माय अडाणी असेल, पण निष्ठुर नव्हती. तिच्याजवळ डॉक्टर नव्हता म्हणून तिने शब्दाचा ताईत बांधला. आज देवीचा रोग जगातून गेला आहे आणि पोरास लस टोचून मिळते. आता त्या ताइताचे काम उरले नाही. ज्यांची नावे तशी आहेत त्यांनी ती अभिमानाने वागवावी, कारण त्यांत आईचा जीव आहे. नव्या पोरांस मात्र चांगली नावे ठेवावी आणि लस चुकवू नये.

पण एक नाव असे आहे की ज्यात मायही नाही. ते 'नकोशी'. कोठे 'नकुशी', कोठे 'नकुसा'. दोन मुलींवर तिसरी झाली की तिच्या कपाळी हे नाव मारावयाचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल अशी समजूत. पोरगी शाळेत जाते, हजेरी होते, आणि सगळ्या वर्गासमोर तिने रोज उठून सांगावयाचे की मी नको होते! 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा येथे जिल्हा प्रशासनाने असल्या 285 मुलींस समारंभाने नवी नावे दिली. कितीएक मुलींनी ती आपल्या पसंतीने निवडली. स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा मान आमच्या समाजात राजास मिळत नाही, तो त्या दिवशी त्या पोरींस मिळाला. चांगले काम झाले. पण एका दिवसाच्या समारंभाने मूळ दुखणे जात नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 2001 च्या शिरगणतीत 913 मुली होत्या, त्या 2011 च्या शिरगणतीत 894 राहिल्या. म्हणजे ज्या जन्मल्या त्यांस 'नकोशी' म्हटले, आणि ज्यांस नाव ठेवण्याचीही वेळ येऊ दिली नाही त्या वेगळ्याच. नाव बदलावयाचे ते तोंडातून आणि मनातून बदलले पाहिजे.

बायांच्या नावाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बोलतो. मुलगी सासरी आली की तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहावयाचे. अठरा-वीस वर्षे ज्या नावास ती "ओ" देत आली ते एका दुपारी पुसले गेले. पुढे गावात ती 'अमक्याची बायको', मग 'तमक्याची आई'. नवरा गेला की बायाच तिच्यासाठी जे शब्द वापरतात ते येथे छापण्याजोगे नाहीत. राज्य सरकारने 2024 साली ठरवले की 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग बापाचे नाव आणि मग आडनाव लिहावे. ज्या बाईने नऊ महिने पोटात वागवले तिचे नाव कागदावर यावयास एवढी वर्षे लागली! ते आले आहे तर शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी ते टाळाटाळ न करता लिहून घ्यावे. आईचे नाव लावल्याने बापाचे नाव लहान होत नाही.

तसेच अंगाच्या व्यंगावरून पडलेली नावे. एक पाय लहान असला की 'लंगड्या', ऐकू कमी आले की 'बहिऱ्या', जीभ अडखळली की 'बोबड्या'. ज्याचे दुखणे त्यास ठाऊक असतेच. ते दिवसातून पन्नास वेळा आठवून देण्याची गावास काय गरज? 2016 सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात, अशा माणसाचा चारचौघांत पाणउतारा करण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसास जातीचे नाव घेऊन चारचौघांत शिवीगाळ करणे हाही गुन्हा आहे. 1989 च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती करून हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. आम्ही कायद्याचा धाक घालावयास बसलो नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यास चांगल्या नावाने हाक मारावी ह्यासाठी फौजदार यावा लागला तर ती आमच्या गावकीची शोभा नव्हे. परंतु ज्यास रोज टोचले जाते त्याने एवढे जाणून असावे की कायदा त्याच्या बाजूस उभा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. टोपणनाव चावडीवर राहिले तर हसण्यावारी जाते. ते कागदात शिरले म्हणजे पोटावर येते. पूर्वी तलाठ्याने आणि मास्तरांनी जे ऐकले ते लिहिले. सात-बारावर 'बापू उर्फ ज्ञानू', शाळेच्या दाखल्यावर 'ज्ञानदेव', आणि आधार कार्डावर 'ज्ञानेश्वर'. माणूस एकच, पण सरकारच्या यंत्रास ती तीन माणसे दिसतात. 2019 पासून केंद्र सरकारच्या योजनेतून शेतकऱ्यास वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. नाव जुळले नाही की हप्ता अडतो. वारसाची नोंद अडते, पीककर्ज अडते, आणि मग एका 'उर्फ'पायी प्रतिज्ञापत्रासाठी, दलालासाठी आणि तालुक्याच्या खेपांसाठी पदरचे पैसे मोडतात. म्हणून आमचे सांगणे असे. पोर जन्मले की 21 दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी. नाव ठरले नसेल तर काळजी नको. नोंदीत नाव पुढे घालता येते, पहिल्या 12 महिन्यांत फुकट आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. शाळेत घालताना मास्तरांनी रजिस्टरात काय लिहिले ते घरातील शिकलेल्या पोरापोरीकडून वाचवून घ्यावे. लाडाचे नाव घरात ठेवावे, दाखल्यावर जाऊ देऊ नये. आणि ज्यास लाजिरवाणे नाव पुसून टाकावयाचे आहे त्याने राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देऊन ते रीतसर बदलून घ्यावे. ते भिऊन राहण्यासारखे काम नव्हे.

माणसांची तशी वस्त्यांची नावे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी जातीची नावे वस्त्यांस व रस्त्यांस राहू नयेत. त्यांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावी. पुष्कळ गावांत पाट्या बदलल्या. पण पाटीवर समतानगर आणि वाट पुसली की जुनेच नाव, असे असेल तर त्या पाटीचे पत्रे फुकट गेले. आणि नाव समतानगर ठेवून पाण्याची तोटी, गटार व दिवा मात्र गावाच्या वरच्या अंगासच राहिला, तर 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपणच खरी केली असे होईल.

आम्हास ठाऊक आहे की हे वाचून काही जण म्हणतील, "संपादकांना आता गावाची थट्टामस्करीही खुपू लागली. उद्या आम्ही हसावेसुद्धा नाही की काय?" बंधूंनो, हसा, पोट दुखेपर्यंत हसा. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या कष्टी आयुष्यात हसणे ही फुकट मिळणारी एकच मिठाई आहे. ती आम्ही कशी काढून घेऊ? आमचे मागणे एवढेच की हाक मारण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी विचाराव्या. हेच नाव त्याने मला उलट घेतले तर मला चालेल काय? आणि त्याच्या पोराच्या देखत मी हे नाव घेईन काय? दोहोंचे उत्तर 'होय' असेल तर ते नाव खुशाल घ्यावे. ते प्रेमाचे आहे. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर जीभ आवरावी.

हे काम मंत्र्यांचे नव्हे आणि कोर्टाचेही नव्हे. त्यास पैसा लागत नाही, मुहूर्त लागत नाही, भटजीही लागत नाही. येत्या ग्रामसभेत एखाद्याने उठून एवढे म्हणावे की ह्या सभेत प्रत्येकास त्याच्या पूर्ण नावाने आणि 'अहो' म्हणून बोलावले जाईल, मग तो बागायतदार असो की सालगडी, बाई असो की बाप्या. शाळेच्या हजेरीत मास्तरांनी प्रत्येक पोराचे नाव सन्मानाने घ्यावे. आणि सर्वांत मोठे काम घरातील कर्त्या पुरुषाचे आहे. उद्या सकाळी दारात परीट येईल, लोहार येईल, रोजाने येणारी बाई येईल, तेव्हा आपले पोर जवळ उभे असेल. बाप त्या माणसास काय म्हणून हाक मारतो हे ते ऐकत असते, आणि जन्मभर तीच हाक मारते.